आतून ऐकू येतं का

साफीनं पाण्याच्या भांड्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. धम्मदिनानं भांडं तिच्या नाकाखाली सरकवलं, बोटं भिजवून तिच्या ओठांना लावली, पण ती जीभच काढीना. पुढचे पाय पसरून, हनुवटी मातीत टेकून पडली ती पडलीच.

"झालं," धम्मदिना म्हणाली. "हिनं हात टेकले."

दामू टेंपोच्या सावलीत बसून सुताची वेणी वळत होता. ते शब्द काही त्याच्यापर्यंत पोचले नाहीत, पण तिचं तोंड बघून त्याला कळायचं ते कळलं. उभा जन्म पॉवरलूमवर काढलेल्या माणसाचे कान साठीला किती उरतात, हे भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही. इथे अर्धी माणसं ओरडून बोलतात आणि उरलेली समोरच्याचे ओठ बघून समजून घेतात. दामू दोन्ही करायचा, आणि त्यात काही उणं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

साफी ही बचाव पथकाची लॅब्रडोर कुत्री, आणि तिला सांभाळणारी, तिच्याकडून काम करून घेणारी धम्मदिना. कागदावर तिचं नाव सॅफायर होतं, पण तेवढं लांब नाव घेऊन हाक मारायला वेळ कुणाला होता. ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस असला की वासानं शोधायचा आणि त्या जागेवर उभं राहून भुंकायचं, हे तिला शिकवलेलं. माणूस गेलेला असला तर ती भुंकत नाही. जराशी उकरते, कान पाडते आणि मागे सरते. खाडीच्या अंगाचं हे तीन मजली गोडाऊन परवा दुपारी कोसळलं. तेव्हापासून साफीनं कितीदा उकरलं आणि कितीदा कान पाडले, पण भुंकली एकदाही नव्हती.

दामूचं काम काय, तर लपायचं. पडघ्याच्या अलीकडे पथकाचं मैदान होतं. तिथे फुटक्या स्लॅबचे, पाइपांचे, विटांचे ढीग मुद्दाम रचून ठेवलेले. त्यात कुठेतरी शिरून दामूनं गुपचूप पडायचं आणि कुत्र्यांनी त्याला हुडकायचं. कुत्रं भुंकलं की आतून वेणी बाहेर काढायची, त्याच्याशी ओढाताण खेळायची, शाब्बास शाब्बास म्हणत त्याला डोक्यावर घ्यायचं. ही वेणी दामू लूमच्या वाया गेलेल्या सुताची घरीच वळायचा. त्याच्या शेलार गावात त्याची टिंगल चालायची. "दामू, म्हातारपणी लपाछपी खेळतोस आन राज्य कुत्र्यावर देतोस, शोभतं का तुला?" दामू हसायचा. त्याला हे काम मनापासून आवडायचं. आतल्या अंधारात पडलं की कसलाही आवाज नसायचा. लूमच्या खडखडाटात हाडं झिजवल्यावर अशी शांतता मिळणं म्हणजे त्याला लॉटरी लागल्यासारखं वाटायचं. मंदा, त्याची बायको, गेल्यापासून तर तो तिथे जास्तच रमायचा. मंदापण अशीच शांतपणे गेली होती. दुपारची वेळ, ती आतल्या खोलीत पडलेली, दामू बाहेर ओट्यावर. हूं नाही की चूं नाही. गेली तेव्हा सगळे हेच म्हणाले, सुखानं गेली, आणि दामूनं तेवढं एक घट्ट धरून ठेवलं होतं.

धम्मदिना त्याच्यासमोर येऊन उकिडवी बसली. पोरगी त्याच्या सुनेच्या वयाची, पण पथकात तिचा शब्द चालायचा. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे आता माझ्याकडे बघा, मी बोलतेय.

"काका, तिला वाटतंय तिचंच चुकतंय. दोन दिवस शोधतेय आणि एकदाही कुणी वेणी दिली नाही, कुणी शाब्बास म्हटलं नाही. तिला कुणीतरी जिवंत सापडायला पायजे. नाहीतर ती उठायची नाही. अजून एकजण आत आहे."

तो एकजण कोण हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. ओमकार, पार्सलं पॅक करणारा पोरगा, नुकताच कामाला लागलेला. त्याची आई पार्वती वज्रेश्वरीकडच्या एका पाड्यावरून आली होती आणि दोरीच्या पलीकडे बसून होती. पथकवाले शिट्टी मारून सगळी मशिनं बंद करायचे, माणसांना गप्प करायचे आणि ढिगाऱ्याला कान लावायचे. त्या वेळी धम्मदिना तिलाच पुढे बोलवायची. "मावशी, तुम्ही हाक मारा. ओळखीच्या आवाजाला माणूस उत्तर देतो." मग पार्वती एका फटीशी वाकून हाक मारायची. दामूनं ते लांबून बघितलं होतं. तिचे ओठ हलायचे, गळ्याच्या शिरा ताणायच्या, आवाज मात्र त्याच्यापर्यंत यायचा नाही. त्याला वाटलं होतं, रडून रडून बाईचा गळाच बसलाय.

आधी त्यांनी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर दामूलाच लपवून बघितलं. दामू पत्र्यामागे लपला. साफी तिथवर चालत आली, पत्र्यावरून डोकावून त्याच्याकडे बघितलं आणि परत जाऊन होती तिथे पडली. तिला काय तेवढं कळत नव्हतं होय. पत्र्यामागे दामूकाका बसलाय, यात शोधायचं काय.

"मागल्या अंगानं ढिगाऱ्यातच शिरतो," दामू म्हणाला. "तिथं मोठा बीम आडवा पडलाय, त्याच्याखाली पोकल हाय. कोन बघत न्हाय तिकडं."

"काका, पण ती भुंकेल. लोकांना ऐकू जाईल."

"भुंकू दे की. त्याच्यासाठीच चाललंय ना."

धम्मदिनानं मागच्या अंगाला नजर टाकली. मागच्या बाजूला गर्दी नव्हती हे खरं होतं, आणि आतल्या पोराचा वेळ चालला होता. तिनं पथकातल्या दोघांना सोबत दिलं, त्यांनी बीम तपासला, आणि दामू पोटावर सरपटत आत गेला. सिमेंटची भुकटी डोक्यावर सांडत होती. इथला अंधार मैदानातल्या अंधारासारखाच होता, फक्त वास वेगळा होता. त्यानं वेणी छातीशी धरली आणि डोळे मिटले.

थोड्या वेळानं फटीतून साफीचं नाक आलं. क्षणभर काहीच नाही. मग ती भुंकली. आधी एकदा, जरा बिचकत, आणि मग जीव तोडून भुंकतच सुटली. एवढं मात्र दामूला ऐकू आलं. त्याचे डोळे भरून आले, कारण तिचा आनंद त्याला कळत होता.

दोरीपलीकडच्या माणसांनीही ते ऐकलं. दोन दिवसांत ती माणसं कुत्र्याची भाषा शिकली होती. भुंकली म्हणजे जिवंत, हे तिथल्या चहावाल्यालासुद्धा पाठ झालं होतं. "मिला, कोई मिला," कुणीतरी ओरडलं आणि गर्दी दोरी तोडून मागच्या अंगाला धावली. सगळ्यांच्या पुढे पार्वती होती. अनवाणी, विटांवरून, पडत, उठत.

दामू सरपटत बाहेर आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला होता. माणूस म्हातारा की तरणा, काही ओळखू येत नव्हतं. पार्वती त्याच्यापुढे बसली, त्याचं तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि पदरानं पुसायला लागली. कपाळ पुसलं, डोळे पुसले, एक गाल पुसला. खालून पांढऱ्या मिशा निघाल्या, सुरकुत्या निघाल्या. तिचा हात थांबला. दामूला वाटलं, जमीन फाटली तर बरं. ही बाई आता आपल्याला शिव्या देईल, द्याव्यातच तिनं. पण पदर हातात होताच म्हणून असेल, तिनं त्याचा उरलेला गालही पुसला आणि बाजूला सरून बसली.

आणि हे सगळं चाललेलं असताना साफीचं कौतुक करणं भाग होतं. सापडल्यावर लगेच कौतुक झालं नाही तर कुत्र्याच्या लेखी सगळं फुकट. धम्मदिना त्या बाईच्या देखत टाळ्या वाजवत होती, वेणीचं टोक ओढत होती, शाब्बास साफी, शाब्बास माझी राणी म्हणत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. गर्दीतलं कुणीतरी थुंकलं आणि निघून गेलं.

साफी पाणी प्याली. शेपूट हलवत ढिगाऱ्यावर चढली. दिवस कलायच्या आत तिनं ओमकारची जागा दाखवली. जराशी उकरलं, कान पाडले आणि मागे सरली.

पोराला बाहेर काढून ॲम्ब्युलन्समध्ये ठेवल्यावर पार्वती दामूला शोधत टेंपोपाशी आली. तिच्या पदरावर अजून त्याच्या तोंडाचं सिमेंट होतं. ती त्याच्या पुढ्यात उभी राहिली, त्यामुळे तिचं बोलणं त्याला नीट कळलं.

"दादा, तू नेहमी आत जातोस ना? कामच हाय ना तुझं?"

"हा, बाय."

"मंग सांग. आतून बाहेरचं आयकू येतं का?"

दामूला या बाईला काहीतरी बरं द्यायचं होतं. सकाळपासून त्याच्याकडून तिला नुसतं वाईटच मिळालं होतं. आणि जे द्यायचं ते त्याच्याजवळ होतं, खरंखुरं, स्वतः अनुभवलेलं.

"न्हाय, बाय," तो म्हणाला. "आत एकदम शांत असतं. ही मशिनं, ही बोंबाबोंब, कायच आयकू येत न्हाय. मानूस आपला निवांत पडतो. माझी बायको गेली ती तशीच, शांत. तू जिवाला लावून घेऊ नको."

"कायच न्हाय?"

"कायच न्हाय."

तिनं मान डोलावली आणि ॲम्ब्युलन्सकडे गेली. चढताना दोघींना तिला धरावं लागलं. दामूला वाटलं, पोर गेलंय, असं व्हायचंच. पण आपण तिला चार चांगले शब्द दिले, एवढं बरं झालं.

पावसाळा संपता संपता साफीचा सत्कार ठरला. तिचं वय झालं होतं, ती आता कामातून सुटणार होती, आणि इतक्या वर्षांत तिनं जी माणसं जिवंत काढली त्यांच्यातल्या काहींनी मिळून पुढाकार घेतला होता. मैदानावर मांडव पडला. तिच्या फोटोचा मोठा बॅनर लागला. बायकांनी तिला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. साफीनं हारातली दोन फुलं खाल्ली आणि लोक हसले. भाषणांनंतर प्रात्यक्षिक होतं. दामूनं लपायचं आणि साफीनं शेवटचं एकदा शोधून दाखवायचं.

तो मांडवामागच्या ढिगाकडे निघाला तेव्हा पाइपाच्या तोंडाशी एक बाई बसलेली दिसली. आधी त्याला ओळख पटली नाही. पार्वती इतकी वाळली होती.

"तू कशी आलीस इथं?"

"वज्रेश्वरीवरनं एस्टीनं. पेपरात आलंय कुत्र्याचं." ती उठून जवळ आली. "दादा, आज मना आत बसव."

"कशाला? न्हाय, न्हाय. काय भलतंच."

"तू बोललास, आत काय आयकू येत न्हाय. त्या दिसापासून माझा डोला लागला न्हाय." ती हळू बोलत होती, पण ओठ सुटे सुटे हलवत होती, त्याला समजावं म्हणून. "मी दोन दिस त्या फटीला तोंड लावून हाका मारल्या. कवाचा जीव गेला कोन जाने, डॉक्टरबी सांगत न्हाय. पन जवा जागा होता तवा त्याला माझी हाक गेलीच नसंल तर त्याला काय वाटलं असंल? आय आलीच न्हाय. सगल्यांच्या आया आल्या असतील, माझीच न्हाय आली. असंच घेऊन गेला असंल तो मनात."

दामूनं जे दान म्हणून दिलं होतं ते घेऊन ही बाई रोज जळत होती, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

धम्मदिना त्याला बघायला आली आणि दोघांना तिथे बघून थबकली. पार्वतीनं तिलाही तेच सांगितलं. धम्मदिनानं मांडवाकडे बघितलं, साफीकडे बघितलं. नियमात हे बसत नव्हतं. पण त्या दिवशीच्या टाळ्या अजून तिच्या हातांना डसत असाव्यात. तिनं स्वतः पार्वतीच्या डोक्यावर हेल्मेट घातलं, बक्कल लावलं आणि म्हणाली, "भीती वाटली तर पाइपावर थाप मारा, मावशी. लगेच काढते."

"दादा, तू बाहेरनं हाक मार," आत शिरता शिरता पार्वती म्हणाली. "लय मोठ्यानं नको. आईमानूस मारंल तशीच मार."

पाइपावर फळी आली, फळीवर विटांचा चुरा आला. दामू पहिल्यांदाच बाहेर उभा होता. काय करावं त्याला कळेना, हातांचं काय करावं तेही कळेना. तो वाकला आणि फटीशी तोंड नेऊन म्हणाला, "ओमकार." आपलाच आवाज त्याला परका वाटला. मनात आलं, हे आत कुठलं पोचतंय. पुन्हा एकदा म्हणायला गेला, "ओमकार, बाला," आणि तिथेच त्याचा गळा दाटला.

साफीला सोडलं. ती हारासकट धावत आली, पाइपांवरून फिरली, नाक खाली घालून थांबली आणि भुंकली. मांडवातून टाळ्यांचा कडकडाट झाला. धम्मदिनानं वेणी ओढली, शाब्बास म्हणाली. फळी काढली तशी पार्वती हातांवर रेलत बाहेर आली आणि मातीतच बसली. तिच्या तोंडावर धूळ होती. दामूनं खांद्यावरचा पंचा काढला आणि पुसली.

"आयकू आलं," ती म्हणाली.

दामूला वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले.

"सगलं आयकू आलं, दादा. माइकवाला पानी मागत होता. दोन बाया जेवनाचं बोलत होत्या, भात कमी पडंल म्हनून. लांबच्या रस्त्यावरनं एस्टीचा हॉर्नबी आयकला." तिचे डोळे आता वाहायला लागले होते आणि ती ते पुसत नव्हती. "आन तू दोनदा हाक मारलीस. दुसऱ्या वेलेला तुझा गला भरून आला."

"म्हंजे माझी हाक गेली त्याला. आय बाहेर बसलीय, एवढं त्याला ठाव होतं." आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिच्या गळ्यातून बाहेर पडलं. धम्मदिनानं तिला जवळ घेतलं.

बऱ्याच वेळानं ती शांत झाली तेव्हा दामू म्हणाला, "मी खोटं न्हाय बोललो, बाय. मना खरंच आत काय येत न्हाय."

पार्वतीनं त्याच्या कानाकडे बघितलं. मग पुढे वाकून, जरा मोठ्यानं, पण प्रेमानं म्हणाली, "लूमवर होतास ना? माझा भाऊबी तसाच हाय. तुझं काय चुकलं न्हाय, दादा."

ती जेवायला थांबली नाही. पत्रावळीत बांधून दिलेला प्रसाद घेऊन एस्टीत चढली. साफी हार तोडून त्यातली फुलं हुंगत बसली होती. लोक दामूच्या पाठीवर थाप मारून जात होते, काहीतरी चांगलं बोलत असावेत. तो मान हलवत होता.

शेलारला घरी पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. सून भाविका अंगणात वाळलेले कपडे काढत होती. दामू रोजच्या जागी, ओट्यावरच्या चटईवर बसला. चहा आला, तो त्यानं प्याला नाही. रोजच्यासारखंच सगळं शांत होतं. समोरच्या रस्त्यानं टेंपो गेला, पोरं खेळत होती, त्यांची तोंडं उघडत मिटत होती.

"भाविका," त्यानं हाक मारली. "एक काम कर. आतल्या खोलीत जा. तुझी सासू पडायची तिथं खाटेवर पड. आन मना हाक मार."

"काय झालं, बाबा?"

"काय न्हाय. मार तू. लय मोठ्यानं नको. आजारी मानूस मारंल तशी."

ती गोंधळली, पण गेली. दामू पाठ भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून, दाराकडे तोंड न करता बसला. त्या दुपारी बसला होता तसाच. तो वाट बघत राहिला. रस्त्यावरचे दिवे लागले. एक कुत्रं अंगणातून गेलं. चहावर साय धरली.

मग खांद्याला हात लागला म्हणून त्यानं वर बघितलं. भाविका उभी होती.

"बाबा, कवापास्नं हाका मारतेय. कितीदा मारल्या."

दामू काही वेळ तिच्या ओठांकडेच बघत राहिला, अजून काही येतंय का बघत असल्यासारखा. मग म्हणाला, "बरं. जा तू, सैपाक बघ."

ती आत गेल्यावर तो उठला. ओट्यावरची चटई त्यानं गुंडाळली, आत नेली आणि आतल्या खोलीच्या दारात, उंबऱ्याला लागून, अंथरली. खाट रिकामी होती. तो तिच्याकडे तोंड करून बसला.